साखरेशी सामना, लेखांक ७ : अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घ्यावी का?

मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीला अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल सुरू करावी का, हा प्रश्न वाशी-नेरूळच्या औषधाच्या दुकानांत नेहमी विचारला जातो. उत्तरासाठी आधी पेशीत डोकवावे लागेल.

रक्तात साखर वाढली की सगळ्याच पेशी सारख्या होरपळत नाहीत. रक्तवाहिन्यांचे अस्तर, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांना साखरेची आवक रोखता येत नाही. रक्तात जितकी साखर, तितकी आत. मग ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉनांची कोंडी होते. संध्याकाळी वाशीच्या खाडीपुलावर गाड्या तुंबल्या की त्या जशा मिळेल त्या गल्लीत घुसतात, तसे हे इलेक्ट्रॉन वाट सोडून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा आक्रमक रेणू तयार होतो. हे रेणू निस्तरण्याची शरीराची ताकद कमी पडू लागली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मधुमेहाची बरीचशी गुंतागुंत याच एका मुळाशी जोडता येते, अशी मांडणी न्यूयॉर्कचे मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये 'नेचर'मध्ये केली.

शरीराकडे स्वतःचा बंदोबस्त आहे. ग्लुटाथायोन हा त्यातला प्रमुख रेणू पेशी स्वतःच बनवतात. पण जादा साखर सॉर्बिटॉलमध्ये बदलताना जे रसायन खर्च होते, तेच वापरलेले ग्लुटाथायोन पुन्हा ताजे करायला लागते. म्हणजे मारा वाढतो आणि ढालही झिजते. त्यातून इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत संरक्षक विकरे मुळातच कमी असतात, त्यामुळे त्या लवकर थकतात.

मग ग्लुटाथायोन बाहेरून दिले तर? हा प्रयोग आपल्याच पुण्यात झाला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील सरोज घासकडबी, आयसर पुणेचे प्रणय गोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५० मधुमेही रुग्ण निवडले. त्यांपैकी १२५ जणांना चालू औषधांसोबत रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन सहा महिने तोंडावाटे दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : रक्तातले ग्लुटाथायोन वाढले आणि डीएनएला झालेली इजा दाखवणारा घटक तीन महिन्यांतच घटला. पंचावन्नच्या पुढच्या रुग्णांत सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसीही सुधारले. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण ते आपल्या माणसांवर झाले आहे. तरी त्यावरून दुकानात धाव घेऊ नये. सहा महिन्यांत डोळे वा मूत्रपिंड वाचले की नाही ते कळत नाही. ग्लुटाथायोन गोरेपणाच्या नावाखाली विकणाऱ्यांचा तर या संशोधनाशी काडीचा संबंध नाही.

जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी निराशाच केली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत नऊ हजारांहून अधिक लोक होते, त्यात एक तृतीयांशाहून जास्त मधुमेही. सगळ्यांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षे रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊनही हृदयविकार टळला नाही. २००९ मधला एक जर्मन अभ्यास तर पाम बीच रोडवर सकाळी चालणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, पण सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांत ही सुधारणा झालीच नाही. व्यायामात तयार होणारे थोडे ऑक्सिडंट शरीराला सावध करत असतात आणि गोळी तो इशाराच दाबून टाकते.

आवळा, जांभूळ, शेवगा, पालेभाज्या जरूर खाव्यात. त्यांत अँटिऑक्सिडंटसोबत तंतूही मिळतात. मोरावळा मात्र साखरेच्या पाकात मुरलेला असतो, तो औषध समजून चाटू नका.

खरा उपाय आवक कमी करण्यात आहे. फ्रान्समध्ये मोनिए यांनी २००६ मध्ये २१ मधुमेहींवर केलेल्या अभ्यासात साखरेचे चढउतार जितके मोठे, तितका ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त आढळला. म्हणून जेवणात आधी भाजी-डाळ, मग भात. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकवणे. पायांची आग होते म्हणून डॉक्टरांनी अल्फा लिपॉइक आम्ल हे अँटिऑक्सिडंट लिहून दिले असेल, तर ते मनाने बंद करू नका. ते देण्याचे कारण वेगळे आहे. पायांच्या मज्जातंतूंविषयी पुढच्या आठवड्यात.