चौघांनी पाच जणांना कसं हरवलं?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. तिकडे गेलं की रविवारी दुपारपासून घरात अमेरिकन फुटबॉल लागतो, जावई सोफ्यावरून उड्या मारतो, आणि आपल्याला दिसते ती नुसती ढकलाढकली. यात बघायचं काय? तर आज त्या ढकलाढकलीबद्दलच बोलू. चेंडू फेकणाऱ्याबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचंय ते त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड माणसांबद्दल.

उदाहरण एकाच संघाचं घेतो, कॅन्सस सिटी चीफ्स. फेब्रुवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२५ या काळात हा संघ चार वेळा सुपर बोलमध्ये, म्हणजे तिकडच्या अंतिम सामन्यात पोहोचला. दोन जिंकले, दोन हरले. फेकणारा चारही वेळा तोच होता, पॅट्रिक महोम्स. प्रशिक्षकही तेच, अँडी रीड. मग हरताना बदललं काय?

आधी नियम, अगदी कामापुरते. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. तो फेकून न्यायचा असेल तर क्वार्टरबॅक चेंडू हातात घेऊन चार पावलं मागे येतो आणि पुढे पळणाऱ्या आपल्या माणसांपैकी कोण मोकळा आहे ते शोधतो. त्यासाठी त्याला साधारण अडीच ते तीन सेकंद लागतात. तेवढे सेकंद मिळवून देणं हे पाच लाईनमनचं काम. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. (या खेळात पाडण्यालाही टॅकल म्हणतात आणि टोकाच्या या गड्यालाही. गोंधळ त्यांचा, आपण सोसायचा.) प्रतिस्पर्ध्याने क्वार्टरबॅकला चेंडू सुटायच्या आत पाडलं की तो सॅक.

हे काम किती कठीण आहे ते टीव्हीवर कळत नाही. धावून येणाऱ्याला कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक असतं आणि तो पुढे धावत असतो. अडवणारा मात्र मागे सरकत असतो. वजन १४० किलोच्या आसपास, गुडघे वाकवलेले, आणि पुढचा डावीकडून येणार की उजवीकडून हे त्याला आल्यावरच कळणार. उघड्या तळव्यांनी, हात लांब करून ढकलायची मोकळीक १९७८ च्या नियमबदलानंतर मिळाली. पण धरून ठेवलं, तर दहा यार्डांचा दंड. फौजेत आम्हाला शिकवायचे की पुढे जाणं सोपं, शिस्तीत मागे येत लढणं सगळ्यांत अवघड. हे पाच जण सामनाभर तेच करतात, आणि त्यांचं नाव फक्त चुकल्यावर घेतलं जातं.

आता गणित बघा. अकरापैकी पाच लाईनमन आणि एक फेकणारा. उरले पाच, ज्यांना चेंडू झेलता येतो. समोरच्या संघाने चार माणसं हल्ल्याला पाठवली तर अडवायला पाच आहेत, म्हणजे एक जास्तीचा. हा जास्तीचा बहुतेक वेळा सेंटर, जिथे कमी पडेल तिथे हात द्यायला. पण मागे समोरच्या संघाचे सात जण उरतात आणि ते पाच झेलणाऱ्यांवर पहारा देतात. समोरच्याने पाच-सहा माणसं पाठवली, ज्याला ब्लिट्झ म्हणतात, तर फेकणाऱ्यावर दडपण वाढतं, पण मागे पहारेकरी कमी होतात. महोम्ससारखा खेळाडू ब्लिट्झ आला की मोकळी जागा हेरतो आणि तिथेच चेंडू टाकतो. म्हणून त्याच्यापुढे खरा धोका ब्लिट्झचा नाही. चारच माणसं येऊन पाच जणांना भेदतात, तो खरा धोका. मग पाच झेलणाऱ्यांवर सात पहारेकरी कायम, आणि हातात वेळही नाही. लाईन कमजोर आहे म्हणून एखादा झेलणारा अडवायला मागे ठेवला, तर पुढे जाणारे चारच. म्हणजे भिंतीतल्या भगदाडाची किंमत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोजावी लागते.

७ फेब्रुवारी २०२१ ला, आपल्याकडे सोमवारी पहाटे, टँपामध्ये हेच झालं. चीफ्सची मूळ भिंत आधीच ढासळलेली होती. उजवा गार्ड लॉरँ दुव्हर्ने-तार्दिफ हा डॉक्टर. कोविडच्या त्या वर्षी त्याने मोसम सोडला आणि कॅनडात वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करायला गेला. (या माणसावर एक वेगळा भाग व्हायला हवा.) उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने बाहेर. आणि सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात, २४ जानेवारीला, डावा टॅकल एरिक फिशरचा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेवरची जाड शीर, तुटली.

एका माणसाच्या जागी दुसरा उभा करायचा, इतकं हे सोपं नसतं. डावीकडे माइक रेमर्स आणला, पण तो आत्तापर्यंत श्वार्ट्झच्या जागी उजव्या टोकाला खेळत होता. मग उजवं टोक रिकामं झालं. तिथे उजवा गार्ड अँड्र्यू वायली सरकवला. मग गार्डची जागा रिकामी, तिथे तिसराच. एक माणूस गेला आणि तीन जागा बदलल्या. डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे पाय, खांदा, नजर सगळं उलटं. त्याहून महत्त्वाचं, शेजारी बदलला. समोरचे दोघे धावता धावता अचानक एकमेकांचे रस्ते बदलतात, एक आत घुसतो, दुसरा त्याच्या पाठून वळसा घालतो. अशा वेळी आपला गडी शेजाऱ्याकडे सोपवायचा आणि त्याचा आपण घ्यायचा, तेही न बोलता, अर्ध्या सेकंदात. ज्याच्याबरोबर महिनोन् महिने खांद्याला खांदा लावून उभे राहिलात त्याच्याशीच हे जमतं. कबड्डीत साखळी धरणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही.

टँपा बे बकनिअर्सने ब्लिट्झ जवळजवळ केलाच नाही. महोम्स ५६ वेळा फेकायला मागे आला आणि त्यातल्या २९ वेळा त्याच्यावर दडपण आलं; सुपर बोलमधला तो विक्रम. सॅक तीनच, म्हणून नुसते सॅक मोजणाऱ्याला या सामन्याचा अंदाज येत नाही. पायाचा अंगठा दुखावलेला असताना तो चेंडू सोडण्यापूर्वी एकूण ४९७ यार्ड इकडून तिकडे पळला. शेवटी शेवटी तो पडत होता, अंग जमिनीला समांतर, आणि तशा अवस्थेत फेकलेला चेंडू थेट सहकाऱ्याच्या शिरस्त्राणावर जाऊन आदळला. झेल सुटला. चीफ्स ३१-९ असे हरले, एकही टचडाउन नाही. आदल्या वर्षीच ज्याच्याशी दहा वर्षांचा ४५ कोटी डॉलरचा करार केला, त्या माणसाची ही अवस्था.

पुढे संघाने जे केलं ते मला फार आवडतं. चट्टापट्टी लावत बसले नाहीत. फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मोकळं केलं. डावा गार्ड जो थूनी आठ कोटी डॉलरला आणला, डावा टॅकल ऑर्लँडो ब्राउन बाल्टिमोरकडून अदलाबदलीत घेतला. नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत उजवा गार्ड ट्रे स्मिथ. स्मिथला पूर्वी फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून बाकीचे संघ कचरले होते. सप्टेंबर २०२१ चा पहिला सामना सुरू झाला तेव्हा पाचच्या पाच चेहरे नवे होते. रीड स्वतः कॉलेजात लाईनमन होते, हा योगायोग नसावा.

फळ दिसलं १२ फेब्रुवारी २०२३ ला. समोर फिलाडेल्फिया ईगल्स, ज्यांनी त्या मोसमात ७० सॅक केले होते. सुपर बोलमध्ये केले शून्य. महोम्सचा घोटा दुखावलेला, तरी चीफ्स ३८-३५ जिंकले. आणि उजव्या टोकाला कोण होता? वायली. टँपात ज्याच्यावर खापर फुटलं तोच. फरक एवढाच, की आता तो त्या जागेवर मोसमभर खेळलेला होता आणि त्याच्या आतल्या बाजूला स्मिथ उभा होता. एकट्याला दोष देणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पण भिंत टिकवणं बांधण्यापेक्षा महाग. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, सगळ्यांना ठेवता येत नाही. ब्राउनशी दीर्घ करार जमला नाही, तो २०२३ मध्ये सिनसिनाटीला गेला, वायली वॉशिंग्टनला. त्या मोसमात डावं टोक एका अनुभवी खेळाडूने सांभाळलं आणि संघ पुन्हा जिंकला. २०२४ मध्ये मात्र तिथे कोणीच टिकेना. नवखा किंग्सली सुआमाताइया दुसऱ्याच सामन्यात बाहेर बसवला गेला, त्यानंतरचा चालला नाही, मोसमाच्या मध्यात आणलेला जायबंदी झाला. शेवटी डिसेंबरमध्ये थूनीला, म्हणजे संघातल्या सर्वोत्तम गार्डला, टोकाला नेला आणि गार्डच्या जागी माइक कॅलिएंडो उभा केला. पुन्हा तोच उपाय. नाइलाज होता हे मान्य. पण एक कमजोर जागा बुजवताना दोन तयार झाल्या, हेही खरं. १५ सामने जिंकून फक्त दोन हरलेल्या संघाबद्दल हे कोणी ऐकून घेत नव्हतं.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लीन्स. समोर पुन्हा ईगल्स. लागोपाठ तीन सुपर बोल कोणीच जिंकले नव्हते, चीफ्सना ती संधी होती. ईगल्सच्या बचावाचे सूत्रधार व्हिक फँजिओ यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. चारच माणसं, पुन्हा पुन्हा. सहा सॅक, महोम्सच्या कारकिर्दीत एका सामन्यातले सर्वाधिक. त्यातले अडीच टोकावरून येणाऱ्या जॉश स्वेटचे, दोन आतून घुसणाऱ्या मिल्टन विल्यम्सचे. म्हणजे बाहेरूनही आणि आतूनही. मदतीला येणाऱ्या हम्फ्रीने धावायचं कुठे? मध्यंतराला चीफ्सची एकूण वाटचाल २३ यार्ड आणि धावफलक ०-२४. घाईत फेकलेला एक चेंडू कूपर डीजीनने अडवून सरळ टचडाउनला नेला. अंतिम आकडे ४०-२२, आणि त्यातले बरेचसे गुण सामना हातचा गेल्यावरचे.

महिन्याभरात थूनीला शिकागोला धाडलं. एप्रिलच्या निवडीत पहिल्याच फेरीत जॉश सिमन्स घेतला, जन्माचा टॅकल. आणि थूनीची रिकामी गार्डची जागा दिली सुआमाताइयाला, टोकावर दोन सामने न टिकलेल्या त्याच पोराला.