ट्रायथलॉनची सायकल रस्त्यावर

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॅन एम्पफील्ड यांनी खास ट्रायथलॉनसाठी सायकल काढली, तेव्हा खरा बदल होता सीटखालच्या नळीच्या कोनात. रोड सायकलमध्ये तो साधारण ७३ अंश असतो, ट्रायथलॉनच्या सायकलीत ७६ ते ७८. फरक किरकोळ वाटतो, पण सीट ७३ सेंटिमीटर उंच असेल तर ५ अंशांनी ती सुमारे ६ सेंटिमीटर पुढे सरकते. कोपरं हँडलवर टेकून वाकलेल्या स्वाराची मांडी पोटाला अडत नाही, ते यामुळेच.

ती रोड सायकलसारखी चालवायची म्हणून याच फ्रेमला रोड सायकलचं वळलेलं हँडल लावलं, की कोपरांचा आधार जातो आणि पुढे झुकलेल्या शरीराचा भार तळहातांवर येतो. सीट मागे नेण्यासाठी मागे झुकलेला सीटपोस्ट (सीटची दांडी) लावता येतो, पण त्याने मिळतात जेमतेम अडीच सेंटिमीटर. शिवाय सीट मागे गेली की हँडल लांब पडतं. मग हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम आखूड हवा. बऱ्याच नव्या फ्रेममध्ये सीटपोस्ट चपटा आणि त्याच फ्रेमपुरता असतो. तिथे सगळंच अडतं.

या बदलात खर्चाचा मोठा वाटा घेतात ते वळलेल्या हँडलचे ब्रेक-गिअरचे एकत्रित लिव्हर. ते जुन्या गिअरशी जुळायलाच हवेत.

गोल सीटपोस्टची जुनी फ्रेम असेल, तर खुशाल प्रयोग करा. नाहीतर ट्रायथलॉनची सायकल विका आणि सरळ रोड सायकल घ्या.