पडतो कोण, पाडतं कोण?

जुलै महिन्यातल्या माझ्या संध्याकाळी गेली कित्येक वर्षं फ्रान्सच्या रस्त्यांवर जातात. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा रोजचा टप्पा आपल्याकडे रात्री नऊच्या आगेमागे संपतो, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळेला. घरातलं कुणी ना कुणी ताट हातात घेऊन पडद्यासमोर थबकतं आणि नेमक्या त्याच वेळी वीस-पंचवीस सायकली एकमेकींवर कोसळलेल्या दिसल्या की विचारतं, ‘‘एवढे तरबेज लोक, मग पडतात कसे?’’

प्रश्न रास्त आहे. ज्यांचं आयुष्य सायकलवर जातं, अशी ही माणसं कोरड्या, सरळ रस्त्यावरही पडतात. उत्तर शोधताना मी जुन्या शर्यतींच्या हकिकती वाचल्या, नियमावल्या चाळल्या. हळूहळू माझा प्रश्नच बदलत गेला. पडतो कोण हे पडद्यावर दिसतं. पाडतं कोण, हे पाहायला मात्र शर्यतीच्या मागे जावं लागतं.

एका घड्याळाचे एकवीस दिवस

टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, इटलीची जिरो १९०९मध्ये आणि स्पेनची व्हुएल्ता १९३५मध्ये. आज या तिन्ही शर्यती प्रत्येकी २१ टप्प्यांच्या आहेत. रोज एक टप्पा, मध्ये दोन विश्रांतीचे दिवस आणि एकूण अंतर साधारण तीन ते साडेतीन हजार किलोमीटर. रोजच्या टप्प्याचा विजेता वेगळा असू शकतो, पण सगळ्या टप्प्यांची मिळून ज्याची वेळ सर्वांत कमी, तो शर्यत जिंकतो. १९०३च्या विजेत्याचा सरासरी वेग ताशी २५.७ किलोमीटर होता. २०२२च्या विजेत्याचा ४२ किलोमीटरच्या वर होता.

अपघातांचं एक मूळ या घड्याळातच आहे. सपाट रस्त्याचा टप्पा जिंकायला येतात ते स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये सुसाट सुटणारे. ज्यांना एकूण शर्यत जिंकायची आहे त्या डोंगरपटूंना त्या दिवशी जिंकायचं काहीच नसतं. पण पुढचा कुणी पडून रस्ता अडला आणि मागे वीस सेकंद गेले, तर ती वीस सेकंदं तीन आठवडे अंगाला चिकटून राहतात. म्हणून तेही पुढेच घुसतात. दोन वेगळ्या कामांसाठी निघालेली माणसं एकाच अरुंद रस्त्यावर एकाच वेळी एकाच जागेसाठी झुंजतात.

यावर तोडगा म्हणून एक नियम आहे. सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कुणी पडला, तर ज्या गटात तो होता त्या गटाची वेळ त्याला मिळते. २००५पूर्वी हे अंतर एकच किलोमीटर होतं. २०२४च्या टूरमध्ये ते काही टप्प्यांपुरतं पाच किलोमीटरपर्यंत वाढवण्याची चाचणी झाली. नियमावलीतली ही एक ओळ बदलली की ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गर्दीतून कितीतरी माणसं आपणहून मागे सरकू शकतात.

जथ्याचं गणित

या गर्दीला फ्रेंचमध्ये ‘पलोताँ’ म्हणतात. मी तिला जथा म्हणतो. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागे राहिलं की ती वाचते. किती वाचते, याचा अभ्यास आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठातले बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केला. १२१ स्वारांच्या जथ्यात मधल्या-मागच्या भागातल्या स्वाराला हवेचा जो विरोध होतो, तो एकट्याने जाणाऱ्याच्या विरोधाच्या जेमतेम ५ ते १० टक्के भरतो. म्हणजे जथ्यात राहणं ही सवय नसून गरज आहे. आणि राहायचं म्हणजे पुढच्याच्या चाकापासून वितीवर.

वितीभर अंतरावर डोळ्यांना पुढचा रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला १५ मीटर जाते. पुढच्याने ब्रेक दाबल्याचं मागच्याच्या हाताला कळेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी सात-साडेसात मीटर संपलेले असतात. अंतर तर वितीचंच होतं. म्हणून एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकाला घासलं की मागचे दहा-वीस जण पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळतात. त्यांतल्या बहुतेकांची काहीही चूक नसते.

यातली सर्वांत सुरक्षित जागा अर्थातच सगळ्यांत पुढची. प्रत्येक संघाच्या गाडीतून कानातल्या रेडिओवर तोच निरोप येतो: पुढे अरुंद वळण आहे, त्याआधी पुढे जा. निरोप सगळ्यांना एकाच मिनिटाला मिळतो आणि पुढे जागा असते आठ-दहा जणांपुरती. धोका टाळण्यासाठी केलेली घाईच धोका निर्माण करते. २०१८पासून मोठ्या शर्यतींत प्रत्येक संघातले स्वार नऊवरून आठ केले, त्यामुळे टूरमधली संख्या १९८वरून १७६ झाली. गर्दी थोडी कमी झाली, पण रेटारेटीचं कारण तसंच राहिलं.

उताराला राजा नसतो

आपल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. युरोपातही डोंगरमाथ्यावर आधी पोचणाऱ्याला गुण मिळतात. उताराला असा किताब नाही. २०१७मध्ये जिरोच्या आयोजकांनी सर्वांत वेगाने उतरणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर केलं होतं. स्वारांनी इतका संताप व्यक्त केला, की शर्यत सुरू होण्याआधीच ते मागे घ्यावं लागलं.

त्या संतापामागे नावं होती. टूरमध्ये शर्यत करताना पडून मृत्यू आलेला पहिला स्वार स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेदा. १९३५ साली गालिबिए घाट उतरताना तो पडला. १८ जुलै १९९५ला पिरेनीज पर्वतात पोर्ते द’आस्पेच्या उतारावर इटलीचा फाबियो कासार्तेली गेला. तीन वर्षांपूर्वी बार्सिलोनाला ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलेला हा मुलगा बिनहेल्मेटचा होता. ९ मे २०११ला जिरोमध्ये पास्सो देल बोक्को उतरताना बेल्जियमचा वाउटर वेलांट गेला. त्याच्या पाठीवरचा १०८ हा क्रमांक जिरोत आता कुणाला देत नाहीत.

उतारावर सायकल सहज ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठते. पकड असते ती रस्त्याला टेकलेल्या, अंगठ्याएवढ्या रुंदीच्या रबराची. घाट चढून दम संपलेला असतो. आणि वर गमावलेले दहा सेकंद खाली भरून काढता येतात, हा मोह असतो. तो मोह किती मोठा ठेवायचा, हे मात्र स्वार ठरवत नाही. १५ जून २०२३ला स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुला खिंड उतरताना २६ वर्षांचा जीनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या टप्प्याची अंतिम रेषा उताराच्या पायथ्याशी होती. अपघाताच्या दिवशीच रेम्को एव्हेनेपूल या अव्वल स्वाराने जाहीरपणे म्हटलं, की शर्यत माथ्यावरही संपवता आली असती. माथ्यावर रेषा असती, तर उतार उरला असता तो फक्त हॉटेलवर परतायला.

हेल्मेटची गोष्ट

१९९१मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेल्मेट सक्तीचं करायचं ठरवलं. पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनीच विरोध केला. उकडतं, ओझं होतं, आमच्या डोक्याचं आम्ही पाहू, असा सूर होता. सक्ती बारगळली. मार्च २००३मध्ये त्याच पॅरिस–नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ५ मे २००३पासून सक्ती आली. तेव्हाही टप्प्याच्या शेवटी मोठी चढण असेल तर तिथे हेल्मेट काढण्याची सवलत होती. आज बिनहेल्मेटचा स्वार विचित्र वाटतो.

पण हेल्मेट काय करतं, हेही नीट समजून घ्यावं. युरोपच्या मानकानुसार सपाट पृष्ठभागावर हेल्मेट आदळून पाहतात तो वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. वेग चौपट झाला की आदळण्याची ऊर्जा सोळापट होते. हेल्मेटने असंख्य डोकी वाचवली आहेत, पण ८० किलोमीटरच्या वेगाला कठड्यावर आदळणाऱ्याला ते सगळं देऊ शकत नाही. वेलांटने हेल्मेट घातलेलं होतं.

डोक्याच्या मारात दुसरी अडचण या खेळाच्या स्वभावाची आहे. फुटबॉलमध्ये खेळाडूला बाहेर बसवून तपासता येतं, त्याच्या जागी दुसरा उतरवता येतो. इथे बदली खेळाडू नाही आणि शर्यत कुणासाठी थांबत नाही. दोन मिनिटं तपासणीत गेली तर जथा दीड किलोमीटर पुढे गेलेला असतो. २०२०च्या टूरमध्ये फ्रान्सचा रोमाँ बार्दे पडला, उठताना लडखडला, तरी पुन्हा सायकलवर बसून त्याने टप्पा पुरा केला. संध्याकाळच्या तपासणीत मेंदूत छोटा रक्तस्राव निघाला आणि त्याने शर्यत सोडली. त्यानंतर संघटनेने अशा दुखापतीसाठी तपासणीची पद्धत घालून दिली. ती पाळायला लागणारा वेळ घड्याळातून कसा वळता करायचा, हा तिढा राहिलाच.

कातोवित्सेचा कठडा

५ ऑगस्ट २०२०. टूर ऑफ पोलंडचा पहिला टप्पा, कातोवित्से शहरातली अंतिम रेषा. रस्ता रेषेकडे उतरता, वेग ताशी ८० किलोमीटरच्या घरात. दोन डच स्प्रिंटर, डिलन ग्रुनेवेगन आणि फाबियो याकोब्सन, शेजारी शेजारी. ग्रुनेवेगनने आपली रेघ सोडली, याकोब्सन कठड्यावर ढकलला गेला. कठडे उडाले आणि तो त्यांच्यातून पलीकडे फेकला गेला. ग्रुनेवेगनला बाद करून टप्प्याचा विजेता म्हणून याकोब्सनचं नाव लागलं, तेव्हा त्याला औषधांनी बेशुद्धीत ठेवलं होतं.

ग्रुनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. त्याला धमक्या आल्या, घराला काही काळ पोलिसांचा पहारा लागला. त्याची चूक होतीच. पण उतारावरची ती अंतिम रेषा त्याने आखली नव्हती. तिथे आधीच्या वर्षांतही शर्यत संपली होती आणि स्वारांनी तक्रारीही केल्या होत्या. सुटे होऊन उडणारे कठडे त्याने लावले नव्हते. तीच चूक रुंद, किंचित चढत्या रस्त्यावर आणि एकसंध, आतल्या बाजूला पाय नसलेल्या कठड्यांजवळ घडली असती, तर कदाचित एक कॉलरबोन मोडून भागलं असतं. त्यानंतर अंतिम रेषेजवळच्या कठड्यांचे निकष कडक झाले. याकोब्सनने २०२२च्या टूरमध्ये दुसरा टप्पा जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी तिसरा टप्पा ग्रुनेवेगनने जिंकला. गोष्ट म्हणून हे सुखान्त आहे. नियमांच्या दृष्टीने शिकण्यासारखं जे होतं, ते रस्त्यावर होतं.

खर्च कुणाच्या खात्यावर?

मी नियमांची वर्षवार यादी केली, तेव्हा एक गोष्ट दिसली. हेल्मेट घाला, सायकलच्या आडव्या नळीवर बसून उतरू नका (एप्रिल २०२१पासून मनाई), धोकादायक वागलात तर पिवळं कार्ड (२०२५पासून पूर्णपणे लागू). हे सगळं स्वाराला उद्देशून आहे आणि बहुतेक योग्यच आहे. पण स्वारावरचा नियम स्वस्त पडतो. अंतिम रेषा हलवणं महाग पडतं. टप्पा आपल्या गावी संपावा म्हणून गावं पैसे मोजतात आणि त्यांना रेषा हवी असते भर चौकात. चौकाकडे जाणारे रस्ते अरुंद. त्यांवर मोटारींचा वेग कमी व्हावा म्हणून दुभाजक, गतिरोधक, वाटोळी बेटं. गावकऱ्यांच्या सुरक्षेसाठी बांधलेल्या याच गोष्टी जथ्यासाठी सापळा ठरतात.

२०२१च्या टूरमध्ये हे उघड्यावर आलं. पहिल्याच दिवशी एका प्रेक्षक बाईंनी कॅमेऱ्याला दिसावा म्हणून पुठ्ठ्याचा फलक रस्त्यात धरला, त्यावर एक स्वार आदळला आणि जथ्याचा मोठा भाग कोसळला. बाईंना पुढे १,२०० युरो दंड झाला. तिसऱ्या दिवशी, वळणावळणाच्या उतरत्या रस्त्यांवर, एकामागून एक अपघात झाले. या टप्प्यात वेळेची नोंद आधीच घ्यावी, ही स्वारांची विनंती नाकारली गेली होती. चौथ्या दिवशी टप्पा सुरू होताच जथा मिनिटभर उभा राहिला आणि पुढचे काही किलोमीटर संथ चालला. फलकवाल्या बाई जगभर गाजल्या. नाकारलेली विनंती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

२०२३मध्ये संघ, स्वार, आयोजक आणि संघटना यांनी मिळून ‘सेफआर’ नावाची सुरक्षा यंत्रणा उभी करायला घेतली. पण सप्टेंबर २०२४मध्ये झुरिकच्या जागतिक स्पर्धेत अठरा वर्षांची म्युरिएल फुरर जंगलातल्या रस्त्यावर पडली आणि बराच वेळ कुणाला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. प्रत्येक स्वाराचा ठावठिकाणा दाखवणारं जीपीएस यंत्र हवं, हे सर्वांना पटलं. ऑगस्ट २०२५मध्ये रोमांदीच्या महिलांच्या शर्यतीत त्याची चाचणी ठरली, तेव्हा यंत्र कुणी न्यायचं आणि त्यातल्या माहितीवर हक्क कुणाचा, यावरून वाद होऊन पाच संघ शर्यतीबाहेर गेले. यंत्र मुठीत मावेल एवढं होतं.

डोंगर, पाऊस, वेग, दमलेले पाय हे धोके या खेळाचेच आहेत. ते काढले तर शर्यत उरणार नाही, आणि मीही ती पाहणार नाही. त्यांच्याशी झुंजताना कुणी पडला, तर त्याला नशीब म्हणायला माझी हरकत नाही. पण उतारावर आखलेली रेषा, उडणारा कठडा, तोंडावरचा दुभाजक, पायथ्याशी नेऊन ठेवलेला शेवट हे धोके कुणीतरी कचेरीत बसून, नकाशावर बोट ठेवून ठरवलेले असतात. ते शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बदलता येतात. म्हणून जथा कोसळला आणि ते दृश्य मंद गतीत तीनदा दाखवलं गेलं, की मी हल्ली पडलेल्यांपेक्षा आधी रस्ता पाहतो: तो कुठे अरुंद झाला, कुठे वळला आणि तिथे तो कुणी, कशासाठी नेला.