वंशाचे दिवे आणि बिनदिव्याच्या सायकली

मुलगा झाला की वंशाला दिवा मिळाला, असे आपण म्हणतो. मुलगी झाली तर अलीकडे तिला पणती म्हणण्याची पद्धत पडली आहे. मात्र हा दिवा आणि ही पणती सायकलवर बसून रात्रीच्या वेळी बाहेर पडतात, तेव्हा त्या सायकलला एखादी बत्ती असावी, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते!

माझे गाव सांगली जिल्ह्यातले, भर उसाच्या पट्ट्यातले. मी शाळामास्तर, त्यामुळे सायकलवरची पोरे हा माझा रोजचा विषय. जूनअखेरीस आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या शेवटी सहालाच. पण शाळा आणि शिकवण्या सूर्याच्या वेळापत्रकावर चालत नाहीत. पावसाळ्यात जी मुले उजेडी घरी पोचतात, तीच दिवाळीनंतर मिट्ट काळोखात वाट कापतात. आणि नेमके ह्याच वेळी कारखान्यांचे गाळप सुरू होते! दोन्ही बाजूंना डोक्याइतका ऊस, मधून एकेरी डांबरी रस्ता, त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि त्यांच्या कडेकडेने आमची ही चिमणी फौज!

नववीतल्या एका मुलीला मी परवा हटकले.

“अगं, बत्ती कुठंय सायकलची?”

“नाय सर. पण मला दिसतंय की सगळं!”

“तुला दिसतंय गं बाळ. पण तू दिसतेस का?”

पोरगी गोंधळली. तिचा गोंधळ अगदी प्रामाणिक होता, आणि साऱ्या प्रश्नाचे मूळही त्यातच आहे. काळोखात वीस-पंचवीस मिनिटे काढली की डोळा अंधाराला सरावतो. चांदण्यातही रस्ता ओळखू येतो. समोरून मोटार आली तर तिचे दिवे लख्ख दिसतात. मूल मनाशी म्हणते, ‘मला मोटार दिसली, तेव्हा मोटारवाल्यालाही मी दिसलो असेनच.’ खरे पाहता सायकलचा दिवा वाट दिसावी म्हणून जितका, त्याहून अधिक आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून असतो.

थोडा हिशेब

मास्तरच्या लेखात गणित यायचेच, तेवढे वाचकांनी सोसावे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढे काही आहे हे चालकाला उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे २५ मीटर तर ब्रेक दाबण्याआधीच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. बेरीज झाली ४५ मीटर. आता गडद कपड्यांतला माणूस मोटारीच्या खालच्या झोतात दिसतो तो सुमारे २५ ते ३० मीटरांवरून! वजाबाकी वाचकांनीच करावी.

उलट, प्रकाश परतवणारी पट्टी अंगावर असेल तर तोच माणूस शंभर मीटरांच्याही पलीकडून चमकतो. ही किमया साधी आहे. पांढरे कापड प्रकाश चहूकडे उधळते. ह्या पट्टीतले बारीक काचमणी तो आला त्याच वाटेने, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, माघारी धाडतात. रात्री मांजराचे डोळे चमकतात ना, तसेच. पर्सी शॉ नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९३४ साली ह्याच तत्त्वावर रस्त्यात बसवायचे काचेचे ‘मांजरडोळे’ काढले.

“आमचा गणवेश पांढराच आहे की!” असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण पाठीवर काय असते? काळे दप्तर! मागून येणाऱ्याला पांढरा सदरा दिसणार कसा? वर थंडीचा निळा नाहीतर तांबडा स्वेटर. तांबडा रंग दिवसा डोळ्यांत भरतो, पण काळोख पडू लागला की सर्वांत आधी काळवंडतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हे टिपून ठेवले आहे. तांबडा दिवा निराळा. तो स्वतः उजळतो. तांबडे कापड नव्हे.

पोलिसाचा धाक

पुणे हे सायकलींचे शहर होते, त्या काळचे लोक अजून सांगतात, की बत्तीवाचून जाणाऱ्याला चौकातला पोलीस हमखास अडवी. कोणाची रॉकेलची बत्ती वाऱ्याने विझे, कोणाचा डायनामो सायकल थांबताच मान टाकी. पण पोलिसाच्या धाकाने का होईना, बत्ती असे. आज तो धाक गेला आणि बत्तीही गेली. २०२० सालच्या आदेशाने केंद्र सरकारने सायकलच्या परावर्तकांना भारतीय मानकाची अट घातली. पण दुकानातून आलेला परावर्तक पोरांच्या हाती किती टिकतो? आमच्या नाक्यावरचा सायकलवाला म्हणतो, “सर, नवी सायकल आली की पोरं पयलं त्येच काढाय लावत्यात. बावळट दिसतंय म्हणं!”

तीन वर्षांमागे शेजारच्या गावचा आठवीतला एक मुलगा शिकवणीहून येताना गेला. भाजीच्या टेंपोने मागून उडवले. टेंपोवाला प्यालेला नव्हता की भरधाव नव्हता. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या झोताने डोळे दिपले, आणि पुढे काळ्या जाकिटातले पोर होते. “दिसलंच न्हाई ओ,” एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. भेटायला गेलो तेव्हा वडिलांनी खिडकीतला डबा उघडून दाखवला. पोराने सायकलवरून काढलेला तांबडा परावर्तक त्यात होता, नवा कोरा. मला बोलायला शब्द सुचेना.

दोष एकट्या पोरांचा नाही, हेही रोखठोक सांगितले पाहिजे. ट्रॉलीला मागे परावर्तक लावण्याचा नियम आहे. तो किती ट्रॉल्या पाळतात, हे कोणीही रस्त्यावर उभे राहून पाहावे. शिकवणीवाल्यांनी थंडीत वर्ग अर्धा तास अलीकडे ओढला, तर कोणाचे गुण घटणार नाहीत. मोटारवाल्यांनी समोर सायकल दिसताच झोत खाली केला, तर त्यांचा मान कमी होणार नाही.

आणि पालकांनी काय करावे? पुढे पांढरी, मागे तांबडी बत्ती. दप्तराच्या पाठीवर चमकणारी पट्टी. एक पट्टी दोन्ही घोट्यांवर. कारण वरखाली हलणारे पाय पाहताच ‘हा माणूस आहे’ हे डोळा ओळखतो. गुन्नार योहानसन ह्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले, की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे नुसते ठिपके हलले, तरी पाहणाऱ्याला चालता माणूस दिसतो. पट्टी चिखलाने माखली तर पुसावी. आणि परावर्तक आहे म्हणून बत्ती टाळू नये; आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याचा झोत परावर्तकावर पडतोच असे नाही.

पोरे लाजतात, ह्यालाही औषध आहे. एकट्याला लावले तर चेष्टा होते. साऱ्या वर्गाने लावले तर ती फॅशन ठरते! आमच्या शाळेत पट्ट्या आम्ही चित्रकलेच्या तासाला कापल्या. कोणी चांदणी केली, कोणी वाघ, एकाने तर स्वतःचे नाव. आता पट्टी नसलेल्या दप्तराचीच चेष्टा होते.

ह्या दिवाळीत फटाक्यांची एक पिशवी कमी आणा. तेवढ्या पैशांत घरातल्या सायकलींना बत्त्या होतील. पाडव्याला वहीपूजन कराल, वाहनाला हार घालाल; त्याच वेळी पोराच्या सायकलच्या मागे जाऊन जरा उभे राहा, आणि अंधारात ती तुम्हाला दिसते का, एवढे पाहा.