लॉटरी नाकारणारे राज्य

मॉन्टगोमेरी (अलाबामा) : अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४५ राज्यांत आज सरकारी लॉटरी चालते, उरलेल्या पाचांत अलाबामा आहे, आणि तेथे ती नसण्याचे एक मुख्य कारण चर्चचा विरोध हे आहे. दक्षिणेकडील या राज्यात सदर्न बॅप्टिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ सर्वांत मोठा असून लहान गावांचे सामाजिक जीवन बव्हंशी रविवारच्या उपासनेभोवती गुंफलेले असते. १९६९ पासून राज्य शासनाचीच लॉटरी पाहत आलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हा विरोध निव्वळ सोवळेपणाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यामागे पैशाविषयीचा एक सुसंगत विचार आहे.

मालमत्ता देवाची आणि मनुष्य केवळ तिचा कारभारी, ही त्या विचाराची मूळ धारणा होय. म्हणूनच उत्पन्नाचा दहावा भाग, ज्याला दशमांश म्हणतात, तो चर्चला देणे हे दान नसून धन्याला हिशेब देणे मानले जाते. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात भरपूर कमावणे, बचत करणे आणि देणे या तिन्ही गोष्टी कर्तव्य म्हणून सांगितल्या, मात्र शेजाऱ्याचे नुकसान करून मिळवलेला पैसा त्यांनी निषिद्ध ठरवला. लॉटरीतील एकाचे बक्षीस हरणाऱ्या असंख्यांच्या खिशांतून येते, त्याच्या बदल्यात श्रम वा सेवा काहीच दिली जात नाही, आणि दहाव्या आज्ञेने मना केलेला लोभ तर तिकिटाच्या जाहिरातीतच जागवला जातो, असा हा आक्षेप आहे. सर्व ख्रिस्ती पंथ त्याच्याशी सहमत नाहीत : कॅथलिक शिकवणीनुसार नशिबाचा खेळ स्वतःहून अन्याय्य ठरत नाही, कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात गेला तर मात्र तो त्याज्य होतो. बक्षिसाच्या रकमेचा दशमांश स्वीकारावा काय, यावरही मतभेद आहेत. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या फ्लोरिडातील एका शाखेने सुमारे दोन दशकांपूर्वी लॉटरी जिंकलेल्या माणसाची एक लाख डॉलरची देणगी नाकारली, कारण जुगाराने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे तिच्याच दाराशी येत असत.

अलाबामात या विचाराची कसोटी १९९९ मध्ये लागली. गव्हर्नर डॉन सीगलमन यांनी शेजारच्या जॉर्जियाच्या धर्तीवर लॉटरीतून शिष्यवृत्त्या देण्याचा प्रस्ताव सार्वमताला टाकला. आरंभी लोकमत त्यांच्या बाजूने होते, पण चर्चने गावोगावी प्रचार केला आणि सुमारे ५४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. लॉटरी हा गरिबांवरील छुपा कर आहे, हा त्या प्रचारातील सर्वांत सबळ मुद्दा होता.

तो मुद्दा ज्यांनी मांडला त्यांच्यासमोर तीनच वर्षांनी दुसरा प्रश्न उभा राहिला. २००२ मध्ये अलाबामा विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापक सुझन पेस हॅमिल यांनी राज्याची करव्यवस्था ख्रिस्ती नीतीच्या कसोटीवर तपासली : वर्षाला जेमतेम ४,६०० डॉलर मिळवणाऱ्या चौघांच्या कुटुंबावर तेथे आयकर सुरू होत होता, किराण्यावर विक्रीकर होता, आणि विस्तीर्ण वनजमिनींवरील कर मात्र नाममात्र होता. गव्हर्नर बॉब रायली, जे स्वतः सदर्न बॅप्टिस्ट आणि करविरोधी रिपब्लिकन होते, त्यांनी गरिबांची काळजी घेणे हे ख्रिस्ती कर्तव्य असल्याचे सांगत २००३ मध्ये सुमारे १२० कोटी डॉलरची करसुधारणा मांडली. राज्यातील ख्रिश्चन कोअलिशन या प्रभावी संघटनेने तिला विरोध केला आणि सप्टेंबरमधील सार्वमतात दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांनी ती नाकारली.

या दोन निकालांना एकत्र वाचल्याशिवाय अलाबामा कळत नाही. सरकारविषयीचा जुना अविश्वास दुसऱ्या निकालामागे होता हे खरे, तरीही गरिबाच्या खिशातून तिकिटाचा डॉलर जाऊ नये म्हणून जी श्रद्धा रस्त्यावर उतरली, ती त्याच्या पिठामिठावरील कराविरुद्ध तितक्याच ताकदीने उतरली नाही, ही या धर्मविचाराची गंभीर उणीव आहे. आणि ती बाहेरच्या टीकाकारांनी नव्हे, तर हॅमिल व रायली या श्रद्धावंतांनीच दाखवून दिली, यात त्या विचाराचे सामर्थ्यही दिसते.

दरम्यान अलाबामाचे रहिवासी तिकिटांसाठी जॉर्जिया, टेनेसी आणि फ्लोरिडाच्या सीमेपलीकडील दुकानांत जात राहिले आहेत. २०२४ मध्ये लॉटरीचा समावेश असलेले विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये केवळ एका मताने अडले. किराण्यावरील राज्याचा कर मात्र २०२३ मध्ये चारावरून तीन टक्के आणि २०२५ मध्ये दोन टक्के करण्यात आला.