सावित्रीच्या खोऱ्यातील ऋतुलोकविद्या : नक्षत्र, तेरडा आणि ओवसा

प्रास्ताविक

'पेगन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ 'खेड्यातला, ग्रामीण' असा सांगितला जातो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून जी आधुनिक पेगन चळवळ उभी राहिली, तिने दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार जुने सण यांची गुंफण करून आठ उत्सवांचे एक वर्षचक्र सिद्ध केले. यंत्रयुगात ऋतूंशी तुटलेला संबंध पुन्हा जोडावा, ही त्यामागील प्रेरणा होय. पुढे ही चळवळ ऑस्ट्रेलियात पोहोचली तेव्हा एक अडचण उभी राहिली. डिसेंबरातील हिवाळी अयनदिनाचा उत्सव तेथे ऐन उन्हाळ्यात येऊ लागला. तेथील अनेक अनुयायांनी मग सर्व सण सहा महिन्यांनी फिरवून घेतले. सण तारखेला बांधलेला असतो की ऋतूला, हा प्रश्न त्यांना असा प्रत्यक्ष सोडवावा लागला.

महाड व पोलादपूर या तालुक्यांत स्वतःला पेगन म्हणवून घेणारे कोणी नाही. मात्र हाच प्रश्न येथील लोकजीवनाने फार पूर्वी, आणि अधिक गुंतागुंतीच्या रीतीने, हाताळलेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

दोन कालगणनांचा संसार

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) चैत्र ते फाल्गुन अशा चांद्रमासांच्या क्रमाने चालते. शेतकऱ्याचा पाऊस मात्र चांद्रमासांनी मोजला जात नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते सौरवर्षाच्या मागे-पुढे होत राहते आणि अधिक मासाने पुन्हा जुळवून घेतले जाते. त्यामुळे आषाढाची सुरुवात एका वर्षी जूनमध्ये, तर दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये होते. अशा मापावर भाताची पेरणी बेतता येत नाही. म्हणून शेतीसाठी सूर्याची नक्षत्रे स्वीकारली गेली. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो आणि दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला त्यात प्रवेश करतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७-८ जूनला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त असा हा क्रम आहे.

या नक्षत्रांना लोकांनी घरातली नावे दिली. पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा'. मघा सासूची, पूर्वा सुनेची. रोहिणीत कोरड्या मातीत धूळपेरणी करावी, तत्पूर्वी राब भाजून झालेला असावा आणि पावशाची 'पेरते व्हा' ही साद कानावर आलेली असावी, असा हा क्रम. पहिल्या सरींनंतर रानात शेवळे वर येतात; ती खाजतात, म्हणून भाजी करताना सोबत काकडाची आंबट फळे घालावयाची असतात. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, परंतु पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात बसणाऱ्या आदिवासी बायका शेवळांबरोबर काकडे देतात आणि न विचारता समजावूनही सांगतात.

नक्षत्राचे 'वाहन' ही निराळी बाब. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून त्या संख्येस नऊने भागतात. बाकीवरून हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक अशी वाहने ठरतात. बेडूक, म्हैस वा हत्ती आला की भरपूर पाऊस, असा समज आहे. हा निव्वळ भागाकार आहे, वातावरणाशी त्याचा संबंध नाही. लोकविद्येचा गौरव करताना पावशाचे निरीक्षण आणि वाहनाचे गणित एकाच पारड्यात टाकण्याची चूक आपण अभ्यासक वारंवार करतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही नक्षत्रे ताऱ्यांशी बांधलेली आहेत, अयनदिनांशी नव्हे. परांचनगतीमुळे ती ऋतूंच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. एका पिढीला हे जाणवत नाही. अलीकडे मात्र पाऊसच ठरलेली वाट सोडू लागला आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच, म्हणजे रोहिणी लागता लागता दाखल झाला. धूळपेरणीसाठी धूळच नसेल तर रोहिणीने काय करावे?

तेरड्याची गौर आणि पूर्वा नक्षत्र

चांद्र आणि सौर या दोन्ही गणना एकत्र येतात त्या भाद्रपदातील गौरीच्या सणात, आणि माझ्या मते या भागातील ऋतुलोकविद्येचा गाभा तेथेच आहे. गौरीचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठेवर, विसर्जन मूळावर. ही चंद्राची नक्षत्रे. कोकणातील अनेक घरांत गौर मुखवट्याची नसून तेरड्याची असते. बायका ओढ्याकाठच्या वा माळावरच्या तेरड्याची रोपे मुळासकट आणतात आणि त्यांनाच देवी मानतात. तेरडा पावसाबरोबर रुजतो आणि नेमका याच सुमारास फुलतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण क्षणभंगुरतेसाठी वापरली जाते. गौरीचा मुक्कामही तीन दिवसांचाच, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. पूजनाच्या दिवशी पुष्कळ घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो. माहेरवाशिणीला तिच्या आवडीचे वाढावे, इतके साधे त्याचे स्पष्टीकरण घरोघरी मिळते.

या सणात नवविवाहितेचा 'ओवसा' असतो. सुपांत पाने, फळे, भाज्या मांडून ती गौरीला ओवसते, नंतर सासरच्या वडीलधाऱ्यांना सुपे देते आणि ते तिला भेटवस्तू देतात. परंतु पहिला ओवसा वाटेल त्या वर्षी होत नाही. गौरी 'पूर्वा'त याव्या लागतात. म्हणजे चंद्र अनुराधा-ज्येष्ठेत असताना सूर्य पूर्वा नक्षत्रात, साधारणतः ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर या काळात, असावा लागतो. २०२० मध्ये गौरीपूजन २६ ऑगस्टला आले, सूर्य मघांत होता. २०२३ मध्ये ते २२ सप्टेंबरला आले, तेव्हा तो उत्तरेत होता. ही दोन्ही वर्षे ओवशाविना गेली. २०२२ (४ सप्टेंबर) आणि २०२४ (११ सप्टेंबर) मात्र पूर्वाची.

वर्गात विचारले तर 'पूर्वा आली का' हा प्रश्न विद्यार्थिनींच्या ओळखीचा असतो. पूर्वा म्हणजे काय, हे मात्र क्वचितच सांगता येते. सरकत्या चांद्र सणाला स्थिर सौर खुंटीला बांधण्याची ही युक्ती आहे. या पंधरवड्यात पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो, हळवे भात निसवण्याच्या बेतात असते आणि तेरडा ऐन बहरात असतो. नव्या सुनेच्या सुफलतेचा विधी शेताच्या याच अवस्थेशी जोडला गेला असावा, असे अनुमान करावयास जागा आहे. ऑस्ट्रेलियातील पेगनांनी सण फिरवला. येथे सण तसाच ठेवून त्यातील एक विधी ऋतूची वाट पाहू लागला. मुंबईस गेलेली कुटुंबे बाजारातून तेरड्याची जुडी आणतात, तरी ओवशासाठी पूर्वाचीच वाट पाहतात. वनस्पती विकत मिळते, काळ विकत मिळत नाही.

मान आणि पाणी

शिमग्यातील होळीचे झाड, गावागावांच्या पालख्या, महाशिवरात्रीनंतर महाडच्या विरेश्वराच्या छबिन्याला भेटीस येणाऱ्या ग्रामदेवता, विन्हेऱ्याची झोलाई, यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. येथे एवढेच नोंदवितो की होळी तोडण्याचा, पालखी उचलण्याचा 'मान' ठरलेला असतो आणि तो बव्हंशी जातीने ठरतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ज्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला ते तळे याच महाडात आहे. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तळे मात्र माणसांना नाकारले होते. निसर्गपूजेचे गोडवे गाताना, निदान महाडात बसून तरी, हे विसरता येणार नाही.

म्हातारा पाऊस

२५-२६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली; पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या. सावित्री जेथे उगम पावते त्या महाबळेश्वरात त्या सुमारास २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. या दोन्ही घटना पुष्य नक्षत्रातल्या. लोकविद्या ज्याला 'म्हातारा' म्हणते, त्या पावसाने हा संहार केला. नावांत इशारा नव्हता, आणि तो तेथे शोधणेही अन्यायाचे ठरेल. ती नावे पेरणी-लावणीच्या कामासाठी होती, डोंगर खचण्यासाठी नव्हे.

तथापि दरडीची पूर्वचिन्हे म्हणून भूवैज्ञानिक जे सांगतात ते काय आहे? झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नव्या ठिकाणी पाणी फुटणे, झाडे कलणे, जमिनीला भेगा पडणे. ही चिन्हे टिपावयास वरच्या वाडीत राहणारी आणि रोज त्याच वाटेने जाणारी डोळस व्यक्ती लागते. यंदा तेरडा कोणत्या उतारावर लवकर फुलला हे ज्या बाईला ठाऊक असते, तिला त्या उतारावरची नवी भेगही प्रथम दिसते. परंतु तिला ती कोणाला सांगावयाची, याची व्यवस्था लोकविद्येत नाही. ती शासनाला आणि आपल्या महाविद्यालयांनाच उभारावी लागेल. भूगोल विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांनी एका वाडीपासून अशी नोंदवही सुरू केली, तर ते काम आवाक्यातले आहे.

२०२६ मध्ये गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला असल्याने गौरी उत्तरा नक्षत्रात येतात. त्या वर्षीच्या नववधूंचा पहिला ओवसा २०२७ मध्ये, गौरी पुन्हा पूर्वात आल्यावर होईल.