रात्रीची लघवी आणि अष्ठीला ग्रंथी

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागू लागले, की घरातील मंडळी त्याचे कारण परस्पर ठरवून टाकतात : ‘प्रोस्टेट वाढली असेल.’ हा तर्क अनेकदा खरा असतो. परंतु पुष्कळदा तो अर्धाच खरा असतो. हा अर्धेपणा ध्यानात न आल्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षे औषधे घेतात, प्रसंगी शस्त्रक्रियाही करून घेतात, आणि तरीही रात्रीचे उठणे थांबले नाही म्हणून निराश होतात. हे दुखणे क्षुल्लकही नव्हे. रोजची झोपमोड माणसाला थकवते, चिडखोर बनवते. आणि म्हातारपणी अंधारात घाईने उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडणे हे तर आयुष्याची दिशाच बदलणारे संकट ठरू शकते.

प्रथम या ग्रंथीची ओळख करून घेऊ. प्रोस्टेटला मराठीत अष्ठीला ग्रंथी म्हणतात. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांत दगडासारख्या घट्ट गाठीने वाट अडवणारा वाताष्ठीला हा एक आहे. तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी असते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असून मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वयाबरोबर ती वाढू लागते. पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ आढळते, आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही विकार एकाच ग्रंथीत स्वतंत्रपणे उद्भवू शकतात. म्हणून तपासणी टाळू नये.

मूत्रमार्ग आवळला गेला, की लघवीची धार बारीक होते, ती सुरू होण्यास वेळ लागतो आणि शेवटी थेंब थेंब गळत राहते. अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडखोर होतो. थोडेसे मूत्र साठताच तो आकुंचन पावू लागतो. काहींच्या बाबतीत मूत्राशय पूर्ण रिकामेच होत नाही, आणि उरलेल्या मूत्रात नवी भर पडून ते लवकर भरते. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच : लघवी थोडी थोडी, पण वारंवार.

या अडथळ्यावर शस्त्रक्रियेचा उपाय रूढ झाला त्यात भारताशी संबंध असलेल्या एका शल्यचिकित्सकाचा वाटा आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये उत्तर भारतात दीर्घकाळ होते आणि मूतखडे फोडून काढण्यात त्यांनी नाव मिळवले होते. पुढे लंडनमध्ये १९०० साली त्यांनी ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशयाच्या वाटेने वाढलेली ग्रंथी काढली आणि ही पद्धत प्रचारात आणली. आता बहुतेक शस्त्रक्रिया बाहेरून छेद न घेता मूत्रमार्गातूनच केल्या जातात. त्यांनी धार सुधारते, अडलेली लघवी मोकळी होते. परंतु अष्ठीलेच्या सर्व तक्रारींमध्ये रात्रीचे उठणे हीच तक्रार उपचारांना सर्वांत कमी दाद देते, असा वैद्यकाचा अनुभव आहे. असे का व्हावे?

दोष भांड्याचा की ओघाचा?

कारण असे, की रात्री उठावे लागण्याला दोन निरनिराळ्या गोष्टी जबाबदार असू शकतात. एक, मूत्राशयात पुरेसे मूत्र साठत नाही. दोन, रात्री मूत्रच अधिक तयार होते. पहिला दोष भांड्याचा, दुसरा ओघाचा. अष्ठीलेचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे. दुसऱ्याचे मूळ मूत्रपिंडे, हृदय, रक्तातील साखर किंवा झोप यांच्यात असते.

तरुणपणी रात्री मेंदूतून स्रवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते. म्हणून रात्रीचे मूत्र थोडे आणि गडद असते. वाढत्या वयात ही व्यवस्था ढिली पडते. ज्यांच्या पायांवर सायंकाळी सूज येते त्यांच्या पायांत साठलेले पाणी आडवे होताच रक्तात परतते आणि मूत्ररूपाने बाहेर पडते. हृदयाचा दुबळेपणा, नियंत्रणात नसलेला मधुमेह, तसेच घोरताना श्वास मध्येच अडण्याचा विकार यांमुळेही रात्रीचे मूत्र वाढते.

या दोहोंतील भेद ओळखण्याचे साधन अगदी साधे आहे : मिलिलिटरच्या खुणा असलेले एक भांडे आणि एक वही. तीन दिवस आणि तीन रात्री प्रत्येक लघवीची वेळ व मोजमाप टिपावे. काय व किती प्यालो आणि केव्हा झोपलो, हेही लिहावे. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसाच्या हिशेबात धरावी. सकाळी उठल्यावरची पहिली मात्र रात्रीच्या हिशेबात, कारण ती झोपेतच तयार झालेली असते. वयस्क माणसात रात्रीचा वाटा चोवीस तासांच्या एकूण मूत्राच्या एक तृतीयांशाहून अधिक भरला, तर रात्री मूत्र जास्त तयार होते असे समजावे.

उदाहरणादाखल दोन गृहस्थ कल्पावेत. दोघेही रात्री तीनदा उठतात. पहिल्याला दर वेळी १०० मिलिलिटर आणि सकाळी १२० मिलिलिटर लघवी होते. रात्रीची बेरीज ४२०, दिवसरात्रीची १,५००. म्हणजे रात्रीचा वाटा २८ टक्के. त्याला दिवसाही वारंवार जावे लागते. त्याचा दोष भांड्याचा असून अष्ठीलेवरील उपचारांनी त्याला आराम पडण्याची आशा आहे. दुसऱ्याला रात्री तीनदा आणि सकाळी एकदा, दर वेळी २५० मिलिलिटर लघवी होते. म्हणजे एकूण १,९०० पैकी १,०००. निम्म्याहून अधिक मूत्र रात्री तयार होत असताना केवळ अष्ठीलेचे औषध त्याला कसे पुरे पडणार? पुष्कळांमध्ये दोन्ही दोष एकत्र असतात, हेही लक्षात ठेवावे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवल्यास निदानाचे निम्मे काम झालेले असते.

घरी करावयाचे उपाय

रात्री उठावे लागते म्हणून दिवसभर पाणीच न पिणे हा मोठा गैरसमज आहे. त्याने मूत्र दाट होऊन मूत्राशयाचा दाह होतो आणि बद्धकोष्ठ वाढते. बद्धकोष्ठाने लघवीची तक्रार अधिकच बळावते. पाणी सकाळी व दुपारी पुरेसे प्यावे. झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास मात्र चहा, कॉफी, ताक, कढण, कलिंगडासारखी रसाळ फळे आणि मद्य टाळावे.

मिठाकडेही लक्ष द्यावे. जपानमध्ये झालेल्या आणि २०१७ साली मांडल्या गेलेल्या एका अभ्यासात, ज्यांनी रोजचे मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वरून १.४ वर आले. आपल्याकडे रात्रीच्या ताटातील पापड, लोणचे आणि फरसाण वगळणे ही चांगली सुरुवात होय.

पायांवर सूज येत असेल तर दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी झोपण्यापूर्वीच निघून जाते. सूज नव्याने आली असेल, तर तिचे कारण मात्र शोधलेच पाहिजे. रक्तदाबासाठी मूत्रल औषध चालू असल्यास त्याची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपण होऊन ते बंद करू नये. झोपण्यापूर्वी लघवी करून काही मिनिटांनी पुन्हा एकदा प्रयत्न करावा. बिछान्याजवळ मंद दिवा आणि लघवीचे भांडे ठेवावे. उठताना आधी क्षणभर बिछान्यावर बसावे, मगच उभे राहावे. रात्री बसूनच लघवी करणे अधिक सुरक्षित असते.

औषधे आणि सावधगिरी

टॅम्सुलोसिनसारखी औषधे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. त्यांचा गुण काही दिवसांत ते आठवड्यांत दिसतो. त्यांनी उभे राहताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी आपण हे औषध घेतो, किंवा पूर्वी घेत होतो, हे नेत्रवैद्यांना अवश्य सांगावे. फिनॅस्टेराइड वाढलेली ग्रंथी आकसवते. मात्र त्यासाठी सहा महिनेही लागू शकतात. रात्रीचे मूत्र कमी करणारे डेस्मोप्रेसिन वृद्धांच्या रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने घटवू शकते. म्हणून ते रक्ततपासणीविना कधीही घेऊ नये. सर्दीवरील काही साध्या गोळ्यांनीदेखील वाढलेल्या अष्ठीलेच्या माणसाची लघवी एकाएकी तुंबू शकते.

लघवी पूर्णपणे अडणे, लघवीत रक्त दिसणे, थंडी वाजून ताप येणे, लघवी नकळत सतत गळत राहणे, किंवा पायांतील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

रात्रीतून एकदा उठावे लागणे हे उतारवयात सर्वसाधारण आहे. दोन-तीनदा उठावे लागत असेल, तर ते वयाच्या माथी मारून लाजेने सोसत राहण्याचे कारण नाही. आधी मोजावे, मग कारण शोधावे आणि त्यानंतरच उपाय योजावा. या क्रमाने गेल्यास प्रत्येकाची रात्र अखंड होईलच असे नाही. परंतु चार वेळांचे उठणे दोनवर आले, तरी सलग झोपेचे काही तास परत मिळतात, आणि अंधारात पडण्याचा धोकाही तेवढा कमी होतो.